योकोहामा बंदरातल्या आधुनिक वास्तूंचे फोटो : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

टोकियो स्टेशनवरून जेआरच्या (जपान रेल्वे) तोकाइदो लाइनने अर्ध्या तासाच्या आत योकोहामा येतं. शिबुयाहून तोयोको लाइनची गाडी पुढे मिनातोमिराई लाइनवर थेट बंदराच्या भागात जाते. अंतर इतकं कमी असल्यामुळे बहुतेक जण दुपारी तीनला पोहोचतात आणि अंधार पडेपर्यंत सगळी ठिकाणं उरकायला धावतात. मग एकाही ठिकाणी योग्य उजेड मिळत नाही. आकाश निळं आणि दिवे लागलेले अशी वेळ रोज जेमतेम वीस मिनिटं टिकते आणि दोन चांगल्या जागांमध्ये चालायलाच पंधरा मिनिटं जातात. म्हणून या शहरासाठी एक नियम पाळा : एका संध्याकाळी एकच जागा. बाकीची भटकंती दिवसा करा. खालचे सगळे टप्पे याच नियमावर बेतले आहेत.

१. आधी ऋतू आणि वार ठरवा

हवा सर्वांत स्वच्छ असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडी आणि वारा बोचरा असतो, पण दूरवरचं स्पष्ट दिसतं आणि उंचावरून पश्चिमेला फुजी पर्वत दिसण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त. जून ते जुलैचा मध्य हा तिथला पावसाळा. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचे दिवस, मात्र वादळ निघून गेल्यावरची संध्याकाळ अप्रतिम असते.

घड्याळाचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा आहे. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे, आणि योकोहामा जपानच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पूर्वेला. त्यामुळे सूर्य लवकर उगवतो, लवकर मावळतो. जूनच्या अखेरीस सूर्योदय पहाटे साडेचारच्या आसपास आणि सूर्यास्त सातला. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त साडेचारलाच. मुंबई-पुण्याच्या सवयीने हिवाळ्यात सहाला जागेवर पोहोचलात तर आकाश काळं झालेलं असेल.

वाराची गोष्ट नवखे हमखास विसरतात. मिनातो मिराई या बंदरालगतच्या नव्या भागातल्या उंच इमारती कार्यालयांच्या आहेत. त्यांच्या खिडक्या उजळतात त्या आत कुणी काम करत असलं तरच. शनिवार-रविवारी, एप्रिलअखेरच्या ‘गोल्डन वीक’मध्ये आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारीच्या सुट्टीत अर्धी भिंत काळी राहते. डिसेंबरातला कामाचा वार सर्वांत उत्तम, कारण पाच वाजता आकाश निळं असतं आणि सगळे अजून टेबलावर असतात. जूनमध्ये तीच निळाई सव्वासातनंतर येते, तोपर्यंत बरेच मजले विझलेले असतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात एका संध्याकाळी इथल्या इमारती मुद्दाम सगळ्या खिडक्या उजळून ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशी गर्दी प्रचंड, त्यामुळे जागा दोन तास आधी धरावी लागते.

२. सामान आणि कागदपत्रं

- मूळ पासपोर्ट. पर्यटकाने तो कायम जवळ बाळगणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे, हॉटेलात ठेवून निघू नका.
- सुइका किंवा पास्मो कार्ड (रेल्वे-बसच्या भाड्यासाठी आधी पैसे भरून ठेवायचं). स्टेशनवरचे नाण्यांचे लॉकरही बहुतेक ठिकाणी यावर चालतात.
- २४ ते ७० मिमी आणि ७० ते २०० मिमी लेन्स (फुल फ्रेमच्या हिशेबाने). एकच न्यायची असेल तर पहिली. ओसानबाशीच्या छतासाठी आणि आतल्या दालनांसाठी १६ मिमीच्या आसपासची असली तर चांगलंच.
- हलका पण कडक ट्रायपॉड. वजन टांगायला खाली आकडा असलेला निवडा, वाऱ्यात तो लागतो.
- रिमोट शटर किंवा दोन सेकंदांचा टायमर.
- सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर).
- रबराचा घडी होणारा लेन्सहूड आणि हातरुमालाएवढी दोन काळी कापडं. काचेतून फोटो काढताना याशिवाय चालत नाही.
- दोन पट्ट्यांचा चपटा प्लग. तिथे वीज १०० व्होल्टची आहे, चार्जरवर ‘१००-२४०’ असं लिहिलेलं आहे ना तेवढं पाहा.
- सुट्या बॅटऱ्या. हिवाळ्यात त्या लवकर बसतात, एक आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. विमानात सगळ्या हातातल्या बॅगेत, टोकांवर टेप लावून.

कॅमेऱ्याचं घड्याळ उतरल्या उतरल्या जपानच्या वेळेवर करा. सूर्याची दिशा दाखवणारं एखादं ॲप फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

३. संध्याकाळची जागा निवडा

ओसानबाशी. आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांचा धक्का. निहोन-ओदोरी स्टेशनवरून सात-आठ मिनिटं चालत. फारशीद मुसावी आणि आलेहांद्रो झाएरा-पोलो यांच्या ‘फॉरिन ऑफिस आर्किटेक्ट्स’ने १९९५ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत याचा आराखडा जिंकला आणि २००२ मध्ये काम पुरं झालं. लांबी सुमारे ४३० मीटर. छतावर चोवीस तास फिरता येतं, तेही फुकट. इथून पाणी ओलांडून पश्चिमेला अख्खं मिनातो मिराई एका ओळीत दिसतं : डावीकडे २९६ मीटरचा लँडमार्क टॉवर, मग उतरत जाणारे क्वीन्स स्क्वेअरचे तीन मनोरे, मोठा पाळणा आणि समुद्राच्या कडेला शिडाच्या आकाराचं हॉटेल. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिली संध्याकाळ इथेच द्यावी.

सूर्याची दिशा इथे नीट समजून घ्या. एप्रिल ते ऑगस्ट या काळात सूर्य साधारण या इमारतींच्या मागेच मावळतो, म्हणजे काळ्या आकृत्या आणि पेटलेलं आकाश मिळतं. हिवाळ्यात तो बराच डावीकडे, नैऋत्येला उतरतो आणि इमारतींना बाजूने उजेड देतो, त्यामुळे त्यांचे कोन उठून दिसतात. इमारतींवर समोरून सोनेरी ऊन हवं असेल तर पहाटे या. पूर्वेला बे ब्रिज आहे. एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य त्याच्या आसपास उगवतो.

सापळा एकच, पण मोठा : जहाज. धक्क्याला मोठं प्रवासी जहाज लागलेलं असलं की ते मिनातो मिराईचं अख्खं दृश्य झाकू शकतं. जहाजांचं वेळापत्रक बंदराच्या संकेतस्थळावर असतं. निघायच्या आदल्या रात्री पाहून घ्या. जहाज संध्याकाळीच सुटणार असेल तर मात्र अवश्य जा.

बांकोकुबाशी. बाशामिची स्टेशनवरून थोडंसं चालल्यावर लागणारा पूल. कालव्याच्या पाण्यात मनोरे आणि पाळणा यांचं प्रतिबिंब इथे मिळतं. वारा नसेल तरच जा. पाणी हललं की प्रतिबिंबाच्या नुसत्या रंगीत पट्ट्या होतात. पुलावर वाहनं चालतात, म्हणून ट्रायपॉड फुटपाथवर कठड्याला चिकटवून, पाय जवळ घेऊन लावा.

किशा-मिची. साकुरागिचो स्टेशनजवळून सुरू होणारी, जुन्या मालवाहू रेल्वेच्या मार्गावरची पाऊलवाट. रूळ फळ्यांमध्ये तसेच ठेवले आहेत. रुळांच्या रेषा फ्रेमच्या तळातून आत नेता येतात. दुसऱ्या टोकाला मधोमध दरवाजासारखं भगदाड सोडलेली एक इमारत आहे. त्या चौकटीतून लाल विटांचं गोदाम दिसतं. ७० ते २०० मिमी लेन्सने ते दाबून घ्या.

लाल विटांची गोदामं. दोन नंबरचं १९११चं, एक नंबरचं १९१३चं, आणि २००२ पासून दुकानं आणि सभागृहं. वास्तू आधुनिक नाही, पण मागे काचेचे मनोरे घेऊन उभी असल्यामुळे जुनं-नवं एका फ्रेममध्ये येतं. नोव्हेंबरअखेरपासून नाताळपर्यंत पटांगणात बाजार भरतो, शरद ऋतूतही उत्सव असतात. तंबू आणि कुंपणं समोरचा भाग झाकतात. मोकळी इमारत हवी असेल तर कार्यक्रमांची यादी पाहून पहाटे या.

४. ओसानबाशीच्या छतावर काम कसं करायचं

या जागेवर जास्त वेळ देतो आहे, कारण फसायला होतं ते इथेच. छताला जिने नाहीत, सगळे उतार. फळ्या ब्राझीलच्या इपे लाकडाच्या, मध्ये गवताचे पट्टे. एकही पृष्ठभाग सरळ नाही आणि फळ्यांच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना वळतात. त्यामुळे डोळ्यांना क्षितिज तिरकं वाटतं आणि माणूस ते ‘सरळ’ करायला जाऊन कॅमेरा वाकडा करतो. डोळ्यांवर विसंबू नका. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल सुरू करा, आणि फ्रेममधली पाण्याची रेषा किंवा मनोऱ्याची उभी कड एवढंच खरं माना.

दुसरी अडचण कंपांची. लाकडी फळीवर शेजारून कुणी धावत गेलं तरी आठ सेकंदांचा फोटो हलतो. उपाय : ट्रायपॉडचे तिन्ही पाय एकाच फळीवर येणार नाहीत असे पसरा, मधला दांडा वर काढू नका, आणि माणसं पुढे गेल्यावर शटर दाबा. प्रत्येक फ्रेमचे तीन तरी फोटो घ्या आणि पडद्यावर पूर्ण मोठा करून पाळण्याच्या मधल्या घड्याळाचे आकडे तपासा. आकडे स्पष्ट तर बाकी सगळं स्पष्ट.

वारा टोकाला सर्वांत जास्त असतो. थोडं मागे, उताराच्या आडोशाला आलात तर दृश्य तेच राहतं आणि वारा निम्मा होतो. बॅग ट्रायपॉडच्या आकड्याला टांगा, पण झुलू देऊ नका. ती जमिनीला हलकी टेकलेली असावी.

छत झालं की आत या. दालनाचं छत घडी घातलेल्या पोलादी पत्र्यांचं आहे, मध्ये खांब नाहीत. १६ मिमीने अगदी मधोमध, खालून उभं राहून घडीच्या रेषा फ्रेमच्या दोन्ही कोपऱ्यांना भिडवा. मध्य दोन पावलं जरी चुकला तरी सममिती बिघडते.

५. दिवसाचा फेरफटका

दुपारच्या कडक उजेडात मनोरे सपाट दिसतात. हा वेळ भिंती, जिने आणि आतल्या जागांना द्या.

साकुरागिचोपासून सुरुवात करा. टेकडीवर मायेकावा कुनिओ यांनी आखलेलं १९५४चं कानागावा संगीत सभागृह आणि ग्रंथालय आहे. युद्धोत्तर काँक्रीटची शिस्त पाहायची तर इथे. तिथून खाली आलात की लँडमार्क टॉवरच्या पायथ्याशी जुन्या गोदीचा दगडी खड्डा बाग म्हणून राखला आहे. त्यात उतरून वर पाहत टॉवर घ्या. पुढे तांगे केन्झो यांचं १९८९चं योकोहामा कला संग्रहालय. दर्शनी बाजू सुमारे १८० मीटर रुंद आणि काटेकोर सममितीची, म्हणून मागे जितकं जाता येईल तितकं जाऊन लांब लेन्सने घ्या. जवळून वाइड लेन्स लावली तर दोन्ही टोकं ताणली जातात.

मिनातोमिराई लाइनची २००४ची स्टेशनं स्वतंत्र अर्धा दिवस देण्यासारखी आहेत. मिनातोमिराई स्टेशनचा क्वीन्स स्क्वेअरशी एकसंध उंच पोकळ भाग हायाकावा कुनिहिको यांचा, बाशामिचीचा विटांचा घुमट नाइतो हिरोशी यांचा, मोतोमाची-चुकागाई स्टेशन इतो तोयो यांचं. इथे ट्रायपॉड आणि फ्लॅश काढू नका. दिव्यांच्या लुकलुकण्याने फोटोत आडव्या पट्ट्या येतात. योकोहामा पूर्व जपानात असल्याने विजेची वारंवारता आपल्यासारखीच ५० हर्ट्झ आहे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक पट्ट्या जातात. याच प्रवासात पुढे ओसाका-कोबेला जाणार असाल तर तिथे ६० हर्ट्झ आहे, शटर १/६० किंवा १/१२५ करा.

जुने तीन मनोरे, ज्यांना तिथले लोक किंग, क्वीन आणि जॅक म्हणतात, तेही नव्या शहराच्या फ्रेममध्ये येतात. किंग म्हणजे १९२८चं प्रांतिक कार्यालय, क्वीन १९३४चं कस्टम्स, जॅक १९१७चं बंदर स्मारक सभागृह. तिन्ही एकाच वेळी दिसतात अशा तीन जागा ठरलेल्या आहेत : ओसानबाशी, लाल गोदामांचा बगीचा आणि प्रांतिक कार्यालयासमोरचा निहोन-ओदोरी रस्ता. जमिनीवरची खूण शोधा आणि तिथेच उभे राहा. चार पावलं सरकलात की एखादा मनोरा आड जातो.

यामाशिता बागेत जा ते भारतीय जलमनोऱ्यासाठी. १९२३च्या भूकंपात योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांचंही मोठं नुकसान झालं. त्या वेळी शहराने केलेल्या मदतीच्या कृतज्ञतेपोटी भारतीय समाजाने १९३९ मध्ये हा मनोरा बांधून दिला. बागही त्याच भूकंपाच्या ढिगाऱ्याचा भराव टाकून केलेली. लोक बाहेरून एक फोटो काढून निघून जातात, पण खरं काम घुमटाच्या आत आहे : तुकड्यातुकड्यांची रंगीत नक्षी. कॅमेरा जमिनीवर पाठीवर ठेवा, लेन्स सरळ वर, दहा सेकंदांचा टायमर, आणि बाजूला व्हा. चौकटीतला उजेड आणि आतला अंधार यांत फरक खूप असतो, म्हणून तीन वेगळ्या एक्सपोजरचे फोटो घ्या. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासून भगिनी शहरं आहेत. तिथवर गेलेल्या मराठी माणसाने ही जागा चुकवू नये.

६. निळ्या वीस मिनिटांचं वेळापत्रक

सूर्यास्ताच्या एक तास आधी जागेवर पोहोचा. फ्रेम पक्की करा, फोकस मनोऱ्याच्या कडेवर करून मॅन्युअलवर टाका, लेन्सचं स्थिरीकरण बंद करा. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८, रॉ फाइल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, ३८०० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोचं आकाश वेगळं येईल.

सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी साधारण २ सेकंद, पंचवीस मिनिटांनी ६ ते ८ सेकंद, पस्तीस मिनिटांनी १५ सेकंद लागतात. हे आकडे सुरुवातीसाठी. खरा निर्णय हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) घ्या. दिव्यांच्या पाट्या आणि पाळणा जळून पांढरा होणं ही इथली नेहमीची चूक, म्हणून एक फोटो दोन स्टॉप कमी एक्सपोजरने जरूर घ्या.

पाळण्याचा हिशेब वेगळा. कॉस्मो क्लॉक २१ ला ६० पाळणे आहेत आणि एक फेरी पंधरा मिनिटांची. म्हणजे पंधरा सेकंदांत प्रत्येक पाळणा पुढच्याच्या जागी पोहोचतो. पाळणे वेगवेगळे दिसायला हवेत तर शटर एका सेकंदाच्या आत आणा, त्यासाठी आयएसओ ८०० पर्यंत वाढवा. गुळगुळीत कडं हवं असेल तर पंधरा सेकंद किंवा जास्त. चार-पाच सेकंदांत मात्र धड ना हे ना ते. वरचे दिवेही रंग बदलत असतात, त्यामुळे जास्त वेळ दिला की रंग एकमेकांत मिसळून फिकट पांढरे होतात. रोषणाई मध्यरात्रीआधी विझते.

७. काचेतून फोटो

उंचावरून पाहायचं तर लँडमार्क टॉवरचा ६९ वा मजला, १०६ मीटरचा मरीन टॉवर, किंवा पाळणा. असे मजले नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी ते उघडे आहेत ना हे पाहा. आत ट्रायपॉड चालणार नाही असंच गृहीत धरा. रबरी हूड काचेला पूर्ण टेकवा, भोवती काळं कापड धरा, तुमचा पांढरा शर्ट काचेत दिसतो म्हणून गडद कपडे घाला. पोलरायझर काढून ठेवा : तो उजेड खातो आणि जाड काचेतून आकाशात डागाळलेले पट्टे आणतो. २०२१ पासून साकुरागिचोजवळून सुटणाऱ्या केबल कारच्या डब्यातही हीच पद्धत, फक्त शटर १/१२५ पेक्षा हळू ठेवू नका.

८. काय चालतं, काय नाही

- बाहेरून दिसणाऱ्या इमारतींचे फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला जपानचा कॉपीराइट कायदा (कलम ४६) मोकळीक देतो. पण मॉल, हॉटेल, स्टेशन ही खासगी जागा. तिथे मालकाचा नियम.
- सुरक्षारक्षकाने हात आडवा केला की वाद न घालता ट्रायपॉड मिटा. ट्रायपॉडला ‘सान्क्याकु’ म्हणतात. ‘सान्क्याकु ओ त्सुकात्ते मो ईई देसु का?’ एवढं विचारलंत की बहुतेक वेळा कुठे उभं राहायचं तेही सांगतात.
- अनोळखी व्यक्तीचा चेहरा ओळखू येईल असा फोटो प्रसिद्ध करू नका. लांब एक्सपोजरमध्ये चालणारी माणसं आपोआप विरतात, तो सोपा मार्ग.
- ड्रोन घरीच ठेवा. १०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनची नोंदणी बंधनकारक आहे, दाट वस्तीवर आणि रात्री उडवायला वेगळी परवानगी लागते, आणि हा सगळा भाग दाट वस्तीचाच आहे.
- मॉडेल, दिवे, सहायक घेऊन व्यावसायिक काम करायचं तर काही आठवडे आधी योकोहामा फिल्म कमिशनकडे विचारणा करा.

९. परत आल्यावर

त्याच रात्री फाइल्सच्या दोन प्रती करा. मग सगळ्यात आधी उभ्या रेषा सरळ करा. कॅमेरा वर झुकवल्याने लँडमार्क टॉवर मागे पडल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करताना फ्रेमच्या दोन्ही बाजू कापल्या जातात, त्यासाठी फोटो काढतानाच चारही बाजूंना थोडी जास्त जागा सोडलेली असावी. जवळून वर पाहत घेतलेला मनोरा पूर्ण सरळ करू नका. नव्वद टक्क्यांवर थांबा, नाहीतर तो वर रुंद होत गेल्यासारखा दिसतो. लँडमार्क टॉवर मुळातच वर निमुळता आहे, त्याची कड प्रमाण मानू नका. शेजारच्या क्वीन्स स्क्वेअरच्या मनोऱ्यांची कड पकडा. त्यानंतर रंग : लाल गोदामांचा पिवळा उजेड आणि आकाशाची निळाई एकाच व्हाइट बॅलन्सला जुळत नाहीत, तेव्हा आकाश वेगळं निवडून तेवढंच थंड करा आणि विटांना हात लावू नका.